माझ्या पाठचा नंदू

माझं नाव शालन. मी मूळची विजयदुर्गची, लग्न होऊन कसालला आले आणि इथलीच झाले, काजूच्या कारखान्यात गर सोलायला जाते, हे हात बघा, बियेच्या तेलाने असे काळे झालेत ते काय आता जायचे नाहीत. तुम्ही लिहून घेताय म्हणून मी जरा सरळ मराठीत बोलते हां, पण घरच्या माणसांचं बोलणं आलं की माझ्या तोंडात मालवणीच येणार, ते तुम्ही तसंच ठेवा, आमच्या आईचं बोलणं शुद्ध भाषेत लिहिलंत तर मलाच ते ओळखू यायचं नाही.

बाबा आमचे मासेमारीच्या बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोट त्यांच्या हुकमावर चालायची. घर खाडीच्या अंगाला, खळ्यात, म्हणजे अंगणात, उभं राहिलं की बोटी आत येताना दिसायच्या, आणि आई हातातलं काम टाकून बघत राहायची, बाबांची बोट दिसली की मगच तांदूळ वैरायची. मी थोरली. माझ्यानंतर आईची दोन मुलं जगली नाहीत, आणि मग नंदू झाला, नवसाचा. काय सांगू तुम्हाला, असं देखणं पोर आमच्या वाडीत झालं नव्हतं, गोरा, गालाला खळी, हसला की रस्त्याने जाणारी बाई थांबून त्याला उचलून घ्यायची. मी तर त्याला काखेतून खाली ठेवायची नाही, माझी कंबर वाकडी झाली म्हणायची आई. म्हणजे बघा, माया कमी पडली असं कोणी म्हणेल तर ते खरं नाही, माया इतकी होती की ती उतू जायची, तरी ती त्याच्यात कुठे साठली नाही एवढंच.

तो शाळेत जायला लागला तेव्हाची गोष्ट. बंदरावर भिकाजी आजोबा म्हणून एक म्हातारे होते, त्यांची एक छोटी होडी, त्यावरच त्यांचं पोट. एक दिवस भर दुपारी ओहोटीच्या वेळेला त्यांची होडी धक्क्यापासून सुटली आणि पाण्याबरोबर बाहेर जायला लागली. म्हातारे जेवत होते ते तसेच उठले, पाण्यात उडी घेतली, पण वय झालेलं, ओढ जबर, ते मध्येच दमले आणि खालीवर व्हायला लागले. दुसऱ्या बोटीवरच्या माणसांनी बघितलं म्हणून वाचले. मी आईबरोबर धावत धक्क्यावर गेले तर आमचा नंदू तिथे दगडावर बसून शेंगा खात होता. सगळी माणसं ओरडतायत, म्हाताऱ्याच्या तोंडातून पाणी काढतायत, आणि हा एकेक शेंग फोडतोय. मी म्हटलं, रे, तू हय काय करतंस? तर म्हणाला, तो पवता काय बुडता ता बघी होतंय.

मग चौकशी झाली, दोर कोणी सोडला, तर नंदूच पुढे झाला आणि म्हणाला, पांडून सोडल्यान, मी बघलंय. पांडू म्हणजे शेजारचा मुलगा, नंदूचा सोबती. नंदूच्या डोळ्यांत पाणी, आवाज कापतोय, कोण नाही म्हणेल? पांडूच्या बापाने त्याला गुरासारखा मारला, सगळ्यांच्या समोर. आणि नंदू बघत होता. मी त्याच्या बाजूलाच उभी होते, म्हणून सांगते, त्याच्या डोळ्यांतलं पाणी केव्हाच वाळलं होतं आणि तो पांडूकडे तसाच बघत होता जसा शेंगा खात म्हाताऱ्याकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी परत पांडूच्या घरी, पांडू चल खेळाक. पुढे केव्हातरी त्यानेच मला सांगितलं, दोर मीच सोडलंय ताय, आणि हसला, खळी पडली. मी आईला सांगितलं तर आई म्हणाली, ल्हान आसा तो, तेका काय कळता.

पण त्याला कळत होतं हो. तेच तर. काय बरं, काय वाईट, सगळं कळत होतं, मास्तरांनी विचारलं असतं तर पाठ म्हणून दाखवलं असतं.

मग आईने देवधर्म सुरू केले. कोणाच्या झाडाच्या साली काढून झाड मार, कोणाच्या कोंबड्यांच्या खुराड्याला बाहेरून कडी घालून धूर कर, असं काही ना काही चाललेलंच, आणि दरवेळी दुसऱ्याचं नाव. घाडी, म्हणजे आमच्याकडचा देवऋषी, आणला, त्याने तांदूळ टाकून बघितले, म्हणाला, खालचा काय तरी इलेला आसा पोराच्या अंगार. कोंबडा झाला, नारळ झाले. आणि नंदू काय करील? त्या घाड्यासमोर असा घुमला, असा घुमला, आणि मग धाडकन खाली पडून उठला आणि आईच्या गळ्यात पडून रडला, आये, आता माका बरा वाटता. महिनाभर गरीब गाईसारखा. आई म्हणाली, गेला गो बाय सगळा. कुठे जातंय? त्याला फक्त कळलं होतं की आपल्या घरच्यांना काय बघायचंय. ते त्याला फार लवकर कळायचं, कोणत्या माणसाला काय हवंय ते, डॉक्टरला नाडी कळते तसं.

मोठा झाला, शाळा सुटली, मुंबईला गेला, परत आला, गोव्याला गेला, परत आला. नोकरी टिकायची नाही, पण नवीन मिळायचीही लगेच, बोलणं असं गोड. मारामारी करून एकदा आत पण जाऊन आला आणि तिथल्या शिपायांशीही दोस्ती करून आला. मग सगळे म्हणाले लग्न करा, लग्न झालं की मार्गावर येतो पुरुष. तुम्ही बघा, आपल्याकडे पुरुषाच्या सगळ्या आजारावर एकच औषध, आणि ते औषध म्हणजे कोणाची तरी मुलगी.

ती मुलगी सुमन, पिंगुळीची. हसरी, कामाला वाघीण. वर्षभर बरं चाललं असं आम्हाला वाटलं, आणि एक दिवस मला कसालला निरोप आला की सुमन माहेरी आहे, जिन्यावरून पडून उजवा हात मोडलाय. आई, मी आणि नंदू बघायला गेलो. तिच्या आईसमोर नंदू असा रडला की त्या बाईनेच पदराने त्याचे डोळे पुसले, आणि सुमन भिंतीकडे तोंड करून निजलेली, एकदा वळून बघितलं नाही तिने. आम्ही बाहेर पडलो, पायवाटेने रस्त्याकडे येत होतो, आई मागे रडत होती, आणि नंदू मला म्हणतो, ताय, हय बरा माशाचा जेवण खंय गावता गो? तोंडावर काही नाही, जसा काही आम्ही बाजाराला आलो होतो. घरात जिना नव्हता हो आमच्या. एक माळ्यावर जायची शिडी होती, आणि सुमन कधी माळ्यावर चढायची नाही, तिला चक्कर यायची.

सुमन परत आली नाही. बाबा गेले, आणि विजयदुर्गच्या घरात आई आणि नंदू दोघंच राहिली.

आता पुढचं सांगायचं तर मला पाणी प्यावं लागतं. आई फोनवर कमी बोलायला लागली. आधी सगळ्या गजाली सांगायची, कोणाच्या म्हशीला काय झालं इथपासून, मग नुसतं हूं, बरा, ठेवतंय. वाडीतल्या एकीचा फोन आला, शालन, तुझ्या आवशीक भ्रम झालो म्हणतत, नंदू बिचारो किती करता तिचा. मी गेले. आई पडवीत बसलेली, केस विंचरलेले नाहीत, आणि मला बघून पहिली गोष्ट विचारली ती ही, शालन, मी येडी झालंय काय गो? म्हटलं काय झालं? तर म्हणे, मी चष्मो ठेवतंय थय तो आसणा नाय, चुलीत घातलेला लाकूड बाहेर येवन पडता, गोळी घेतलेली आसता आणि तो म्हणता तू घेवक नाय, परत घे. रात्रीचं जेवण जेवून झाल्यावर तो तिला म्हणायचा, आये, आज तू जेवलंस नाय. ती म्हणायची जेवलंय रे, तर तो वाडीतल्या माणसांसमोर डोळे पुसायचा, बघा, हिका काय याद रवणा नाय.

मी घर झाडायला घेतलं आणि तांदळाच्या पिंपामागे आईचा चष्मा सापडला, तिचे कानातले सापडले, देवघरातली छोटी घंटा सापडली जिच्यासाठी ती आठवडाभर रडत होती. नंदू दारात येऊन उभा राहिला. मी म्हटलं, ह्या काय नंदू? त्याने घंटा हातात घेतली, वाजवली, आणि म्हणाला, गावली? मी म्हटलं, कित्याक करतंस असा? तर विचार करायला लागला, खरंच विचार केला त्याने, जसं काही मी गणित घातलंय, आणि म्हणाला, वेळ जाणा नाय ताय हय.

त्याच दिवशी मी आईला घेऊन कसालला आले. तो बसपर्यंत पिशवी धरून आला, आईच्या पाया पडला.

आईला मी ओरोसच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांना दाखवलं, तरुण बाई होत्या, शांत. त्यांनी आईला कितीतरी प्रश्न विचारले, आणि म्हणाल्या, आईंची बुद्धी चांगली आहे, त्या फक्त घाबरल्यात. मग मला विचारलं की घाबरल्या कशाला? आणि मी सगळं ओकून टाकलं, होडीपासून घंटेपर्यंत. त्यांनी मला मध्ये एकदाही तोडलं नाही. मी शेवटी म्हटलं, बाई, हा वेडा आहे की दुष्ट आहे, तेवढं एक सांगा.

त्या म्हणाल्या, हे बघा, मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे न बघता मी त्यांच्यावर शिक्का मारणार नाही. पण तुम्ही सांगताय तसं वागणं लहानपणापासून असलं, दुसऱ्याचा हक्क, दुसऱ्याचं दुखणं याची फिकीर नाही, सतत खोटं, फसवणूक, आणि केल्यावर पश्चात्ताप नाही, हे सगळं मोठेपणी टिकून राहिलं तर त्याला आम्ही असामाजिक व्यक्तिमत्त्व विकार म्हणतो. मी म्हटलं, असामाजिक कसा, आमचा नंदू तर शंभर माणसांत मिसळतो, लग्नात गेला तर वऱ्हाड त्याच्याभोवती. त्या म्हणाल्या, असामाजिक म्हणजे एकलकोंडा नव्हे, समाजात राहायचे जे नियम, त्यांची पर्वा नसलेला. तुमच्या सांगण्यावरून तरी त्यांना भास होत नाहीत, आवाज ऐकू येत नाहीत, काय करतोय ते त्यांना समजतं. तुमचं दुःख त्यांना दिसतं, पण ते त्यांना लागत नाही.

दिसतं पण लागत नाही. मी ते मनात किती वेळा म्हटलं असेन.

आईने विचारलं, माझा काय चुकला? त्यांनी आईचा हात धरला आणि सांगितलं की काहीजणांना हे जन्मापासूनच थोडं असतं, काहींच्या घरात फार मारझोड असते त्याने वाढतं, एकच कारण बोट दाखवून सांगता येत नाही, आणि असे सगळेच काही हात उगारणारे नसतात. गोळी आहे का म्हटलं, तर म्हणाल्या, कणव आणणारी गोळी नाही. दारू असेल, संताप असेल तर त्यावर उपचार आहे, माणसाला स्वतःला बदलायचं असेल तर वर्षानुवर्षं बसून थोडं वळण लागतं, पण असे फार थोडे आपणहून येतात, त्यांना त्रास होतच नाही ना, त्रास बाकीच्यांना होतो. आले तर मी नक्की बघेन, त्यांना घेऊन या. आणि तोवर? तोवर त्यांना एकटीने भेटू नका, वाद घालू नका, रडून दाखवू नका, लाज वाटेल म्हणून वाट बघू नका. धमकी आली तर पोलिसांना कळवा.

मी नंदूला फोन करून सांगितलं, एकदा डॉक्टरांकडे चल. तो हसला, म्हणाला, माका काय झाला हा? त्याच्या बाजूने बघितलं तर खरंच काय झालं होतं त्याला?

त्यानंतर वर्षभराने आमच्या कारखान्यात दीपा नावाची मुलगी कामाला लागली, माझ्या बाजूलाच बसायची. जवळच्याच गावची, बापाची भातशेती, थोडी काजीची झाडं, साधी माणसं. एक दिवस लाजत लाजत मला म्हणाली, काकी, तुमका एक सांगूचा आसा, आता तुमी माझी नणंद होतलास. माझ्या हातातली बी खाली पडली. नंदू तिला कुडाळच्या बाजारात भेटला होता, घरी जाऊन बापाला भेटून आला होता, पहिली बायको दुसऱ्याबरोबर पळून गेली असं सांगितलं होतं. माझ्याच बाजूला बसणारी मुलगी. योगायोग असेल. मी स्वतःला तसंच सांगते.

घरी येऊन आईला सांगितलं. आई, जिने स्वतः ते सगळं सोसलं ती आई, मला म्हणाली, भावाचो संसार मोडू नको गो शालन, बरा चेडू गावला हा, सुधारतलो तो. मी म्हटलं, आये, सुमनच्या वेळाक पण तू ह्याच म्हटलंस. आई पदर तोंडाला लावून बसली. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, वायरमन आहेत, कमी बोलतात, ते म्हणाले, तुझा मन सांगता ता कर, मी आसंय.

मी दीपाला आणि तिच्या वडिलांना सगळं सांगितलं. दीपा रडली, चिडली, माज्याशी किती बरे वागतत ते, तुमीच भावाच्या वायटार का? तिचं पण बरोबर होतं. मी म्हटलं, माझं ऐकू नका, सुमनला भेटा. मी त्यांना पिंगुळीला घेऊन गेले. मला दारात बघून सुमनचा चेहरा पांढरा पडला, तिला वाटलं तो पण आलाय, ती माझ्या पाठीमागे बघत होती. मग बसली. चहा डाव्या हातानेच दिला, उजवा खांद्याच्या वर जात नाही तिचा. दीपाने विचारलं, रागार इले काय ते? सुमन म्हणाली, राग इलो म्हणान नाय मोडल्यान तेणा हात. राग इलो असतो तर माका समाजला असता. चाय पिली, कप इसळून ठेवल्यान, आणि मगे माज्याकडे इलो.

दीपाने घरी जाऊन नंदूला नाही म्हणून कळवलं. लग्न मोडलं.

मग मी वाट बघत बसले. असं वाटायचं आज येईल, उद्या येईल. आला तो एका दुपारी, लख्ख उन्हात, हातात मोठी सुरमई घेऊन. आई आत झोपलेली, हे कामावर. खळ्यात उभा राहून म्हणाला, ताय, सुरमई हाडलंय, ताजी आसा. मी दारातच उभी राहिले, आत ये म्हटलं नाही. तो पायरीवर बसला, आमच्या कुत्र्याच्या मानेखाली खाजवायला लागला आणि म्हणाला, तुका वाटता मी रागान इलंय? माका राग येणा नाय गो. दीपा नाय तर दुसरी. आणि मग तसंच कुत्र्याकडे बघत म्हणाला, प्राची बरी आसा ना? प्राची म्हणजे माझी मुलगी, कॉलेजला होती तेव्हा. कॉलेजातसून येताना तिठ्यार उतरता, मगे काजीच्या बागेतसून एकटीच चलत येता. बघलंय मी तिका. मोठी झाली.

एवढंच. धमकी नाही, शिवी नाही. आवाज असा की शेजारच्या बाईला वाटलं असतं मामा भाचीची चौकशी करतोय.

मला ओरडायचं होतं, त्याला हलवून विचारायचं होतं, अरे तुला मी काखेत वाढवला. पण डॉक्टरबाईंचं आठवलं, रडून दाखवू नका. मी म्हटलं, नंदू, पोलीस पाटलांका सगळा सांगलेला आसा, तू आता जा. सांगितलेलं नव्हतं तोवर. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि खरं सांगते तुम्हाला, त्या बघण्यात द्वेष असता तर मी कमी भ्याले असते. मग उठला, हात झटकले. जातंय म्हणूचा नसता ताय, येतंय म्हणूचा, असं म्हणाला आणि हसत हसत वाटेला लागला. ती सुरमई मी परसात पुरली, मांजराला सुद्धा दिली नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही पोलिसांत जाऊन सगळं लिहून दिलं. त्याला बोलावलं, समज दिली. तो बाहेर आला तो साहेबांशी हात मिळवून. पण आला नाही परत. प्राचीला ह्यांनी रोज स्वतः आणलं, तिचं शिक्षण संपेपर्यंत, आता ती पुण्याला नोकरीला आहे, पत्ता नातेवाइकांना सुद्धा आम्ही देत नाही. नंदू कोणी म्हणतात गोव्यात पर्यटकांच्या बोटीवर आहे, कोणी म्हणतात कारवारला. आई माझ्याजवळ आहे. जेवायला बसली की पहिला घास हातात धरून विचारते, नंदू जेवलो असात काय गो? मी म्हणते, जेवलो असतलो. मग ती जेवते. तिला मी काय समजावू, तिची माया तिच्या जागी खरी आहे, माझी भीती माझ्या जागी.

दीपाचं लग्न झालं गेल्या वर्षी, सावंतवाडीकडे, मला आग्रहाने बोलावलं होतं.

आणि आता हे गेल्या महिन्यातलं. दुपारी फोन आला, अनोळखी नंबर, बाईचा आवाज, कोवळा. तुम्ही नंदूच्या ताई का? म्हटलं हो, तू कोण? ती म्हणाली, ते म्हणतात तुम्हाला वेडाचे झटके येतात, तुमच्याशी बोलायचं नाही, पण मला एक विचारायचं होतं. म्हटलं, विचार गो बाय. तर ती म्हणाली, माणसाला वस्तू ठेवलेल्या आठवेनाशा कधी होतात? माझ्या वयात होतं का असं? मी म्हटलं, तू कुठे आहेस, तुझ्या आईबापाचं नाव सांग, तू वेडी नाहीस, ऐकतेस ना, तू वेडी नाहीस. तेवढ्यात तिच्या बाजूला दार वाजलं आणि फोन बंद झाला.

मी तो नंबर परत परत लावला, लागत नाही. पोलिसांना दिलाय, डॉक्टरबाईंनाही विचारून आले, त्या म्हणाल्या परत फोन आला तर आधी तिला हेच सांगा की तू एकटी नाहीस. तेव्हापासून कारखान्यातसुद्धा फोन कमरेला लावून बसते, मुकादम ओरडतो, ओरडू दे. तिन्हीसांजेला देवाकडे दिवा लावते तेव्हा आधी त्या पोरीसाठी मागते, तिला उंबरा ओलांडायचं बळ दे म्हणून. मग त्याच्यासाठीही मागते, भाऊच आहे तो, दुसरं काय करू? म्हणते, बा देवा म्हाराजा, माज्या नंदूक सुखी ठेव, पोटभर जेवाक घाल, आणि माणसांपासून लांब ठेव.